कोकणात समुद्राकाठी भाड्याचे घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातले पाच-सहा महिने मी कोकणात भाड्याच्या घरात राहते. आधी गुहागर तालुक्यात राहत होते, आता वेंगुर्ल्याच्या बाजूला. हे कळल्यापासून ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे लोक सतत प्रश्न पाठवतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी यातले फारसे काही उपयोगाचे नाही. पंधरा दिवसांपासून वर्षभरापर्यंत मुक्काम करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

१. कोकणात महिन्या-दोन महिन्यांसाठी खरेच घर मिळते का? आम्हाला सगळीकडे होमस्टे आणि रिसॉर्टच दिसतात.

मिळते. तीन प्रकारची घरे मिळतात. पहिला प्रकार तालुक्याच्या गावातला फ्लॅट. दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी इथे नोकरदार आणि विद्यार्थी असल्यामुळे भाड्याचा नेहमीचा बाजार आहे. दापोलीत तर कृषी विद्यापीठामुळे तो चांगलाच चालतो. दुसरा प्रकार म्हणजे होमस्टेच्या मालकाशी बोलून महिन्याच्या दराने ठरवलेली खोली. आणि तिसरा, ज्यासाठी बहुतेक जण मला विचारतात : नारळी-पोफळीच्या आगरातले किंवा वाडीतले चाकरमान्याचे बंद घर.

अशी बंद घरे कोकणात वाडीवाडीला आहेत. मालक मुंबई-ठाण्याला, घर वर्षातले अकरा महिने कुलपात. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागायचा, कोणीतरी रोज केर काढायचे, कौल सरकले तर लगेच दिसायचे. आता घर बंद राहते आणि वाळवी, ओल आणि उंदीर मिळून ते खातात. मालकाला हे आतून टोचत असते. म्हणून विश्वासाचा माणूस मिळाला तर तो घर देतो, आणि भाड्यापेक्षा घरात दिवा लागतो याचे समाधान त्याला जास्त असते. पुढची बरीच उत्तरे या तिसऱ्या प्रकाराबद्दलच आहेत.

२. कुठला भाग निवडू? रायगड, रत्नागिरी की सिंधुदुर्ग?

मुंबईला वारंवार जायचे असेल तर रायगड. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाडीसकट नेते, त्यामुळे अलिबाग जवळ आले. पण तिथे बंगले दिवसाच्या दराने जातात आणि महिन्यासाठी देताना मालक शनिवार-रविवारचा हिशेब मनात धरतो. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर त्यामानाने शांत आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे कर्दे, लाडघर, आंजर्ले, आणि गुहागरकडे वेळणेश्वर, हेदवी ही राहण्याजोगी गावे आहेत. बाजार, दवाखाना फार लांब नाही आणि गर्दी ठरावीक दिवशीच असते. सिंधुदुर्गात देवगड, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा. १९९७ पासून हा पर्यटन जिल्हा आहे, त्यामुळे पाहुण्याला घर देण्याची सवय इथल्या लोकांना आहे. गोव्यातला मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे येणे फारच सोपे झाले.

दोन गोष्टी जपा. एक, मुरूड दोन आहेत : जंजिऱ्याजवळचे रायगडातले आणि दापोली तालुक्यातले. भलत्याच मुरूडमधल्या घराशी बोलणी करत बसलेले दोघे मला माहीत आहेत. दुसरी, नकाशावरचे अंतर खाडीला विचारून मोजा. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, जंगलजेटीने (गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटीने) पार व्हायला काही मिनिटे लागतात, पण बोट चुकली तर रस्त्याने चिपळूणला वळसा. वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ इथेही तेच. दवाखाना किंवा स्टेशन खाडीपलीकडे असेल तर शेवटची बोट किती वाजता सुटते, हे घर पक्के करण्याआधी विचारून घ्या.

३. पाटी नाही, जाहिरात नाही. मग घर शोधायचे तरी कसे?

आवडलेल्या गावात आठ दिवस एखाद्या घरगुती खानावळीत किंवा होमस्टेत राहा आणि लोकांशी बोला. किराणा दुकानदार, पोस्टमन, रिक्षावाला, देवळातले गुरव, पंप दुरुस्त करणारा, महावितरणचा वायरमन : कोणते घर बंद आहे आणि कोणाचा मालक देईल, हे या माणसांना तोंडपाठ असते. वायरमनला तर कुठल्या घराचे मीटर हलत नाही तेही ठाऊक.

माझे पहिले घर किराणा दुकानात मिळाले. चार दिवस रोज दूध आणायला जात होते. पाचव्या दिवशी गल्ल्यावरच्या वहिनींनी विचारले, “किती दिवस आहात?” मी म्हटले, घर मिळाले तर तीन महिने. त्या म्हणाल्या, “आमच्या धाकट्या दिरांचं घर बंद असतं. भाड्याने असं इथे कोणी देत नाही हो. पण राहायला देतील. विचारते.”

‘भाड्याने’ आणि ‘राहायला’ यांत कोकणात मोठे अंतर आहे. पैसे दोन्हीकडे द्यायचे असतात, पण राहायला देताना आधी माणूस पारखला जातो. तुम्ही कोण, गाव कुठले, कामधंदा काय, घरात कोण कोण येणार, हे प्रश्न विचारले जातील. ते चौकसपणा म्हणून घेऊ नका. आजोबांनी बांधलेले घर परक्याच्या हाती द्यायचे असते. मोकळेपणाने उत्तरे द्या.

दुसरी वाट मुंबईतून जाते. बहुतेक गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत आणि प्रत्येक वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गावातला एखादा ओळखीचा झाला की त्याला ग्रुपवर दोन ओळी टाकायला सांगा.

शोधायला सगळ्यात चांगला काळ गणपती विसर्जनानंतरचा आठवडा. घर नुकतेच साफ झालेले असते, मालक गावात असतो आणि पुन्हा कुलूप लावायच्या विचाराने त्याचा जीव थोडासा होत असतो. शिमग्यानंतरचे चार दिवसही तसेच.

४. फेसबुकवर फार सुंदर घर पाहिले. मालक म्हणतो, आगाऊ पैसे पाठवा नाहीतर दुसऱ्याला देतो. पाठवू का?

नको. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, किंवा तुमच्या भरवशाच्या माणसाने तिथे उभे राहून व्हिडिओ कॉल केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. समोरचा खरा असेल तर त्याला दोन साध्या गोष्टी मागा : घरपट्टीची चालू पावती आणि महावितरणच्या बिलाचा फोटो. बिलावर नाव, गाव आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. मग त्या गावातल्या कुठल्याही दुकानात फोन करून ‘अमक्यांचे घर कुठे आहे’ एवढे विचारले तरी खरेखोटे कळते. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

५. कोणत्या महिन्यांत घर घ्यावे?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुखाचा काळ. हवा कोरडी, विहिरी भरलेल्या. नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिना सोडून बोलणी करा, कारण तेव्हा दर चढतात. एप्रिल-मेमध्ये आंबा-फणस असतो, पण दमट उकाडा असतो आणि पाणी कमी होते. पावसाळ्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. भाडे आणि अनामत किती असावी?

एकच आकडा सांगता येत नाही, कारण शेजारशेजारच्या दोन वाड्यांत दुपटीचा फरक असतो. माझा आडाखा असा : जवळच्या तालुक्याच्या गावात दोन खोल्यांच्या फ्लॅटला काय भाडे आहे ते विचारायचे. बंद कौलारू घर साधारण त्याच्या आगेमागे मिळायला हवे. समुद्र दिसतो म्हणून थोडे जास्त, स्वयंपाकघर जुने म्हणून थोडे कमी. होमस्टेचा दिवसाचा दर गुणिले तीस असा हिशेब कोणी मांडला तर तो महिन्याच्या भाड्याचा हिशेब नाही, हे नम्रपणे सांगा.

अनामत मला आजवर एक ते तीन महिन्यांच्या भाड्याएवढी मागितली गेली. भाड्यात काय काय धरले आहे ते विचारा : वीजबिल, पंपाची दुरुस्ती, झाडलोट करणारी बाई, आवार साफ करणारा गडी. वीजबिल वेगळे असेल तर पहिल्या दिवशीच मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवा. शंभर युनिटच्या वर गेल्यावर दर चढतो, म्हणून एसी लावणार असाल तर ते आधीच बोला.

७. घर बघायला गेल्यावर नेमके काय तपासायचे?

पाणी सर्वांत आधी. विहीर असेल तर वाकून बघा आणि शेजारच्यांना विचारा, मालकाला नको : “मे महिन्यात किती पाणी राहतं?” समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर पाणी चाखून बघा. डिसेंबरात गोड असलेली विहीर एप्रिलमध्ये मचूळ होऊ शकते. नळपाणी योजना असेल तर पाणी किती दिवसांआड येते आणि टाकी केवढी आहे ते पाहा. पंप चालू करायला लावा. पंप आहे असे सांगणे आणि पंप पाणी ओढणे यांत माझे एकदा तीन दिवस गेले.

मग छप्पर. दुपारी आत उभे राहून वर बघा. कौलांमधून उन्हाचे कवडसे पडत असतील तर पावसात तिथूनच धार लागणार. वाशांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. चिऱ्याच्या भिंतींचा खालचा हातभर भाग हाताने चाचपा. ओल असेल तर गाद्या, कपडे, पुस्तके सगळ्याला बुरशी येणार.

संडास-न्हाणी कुठे आहे? जुन्या घरांत ती मागच्या पडवीपलीकडे असते. रात्री, पावसात, छत्री घेऊन जायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. घरात वयस्कर माणसे असतील तर हा एकच मुद्दा घर नाकारायला पुरेसा आहे. तसेच गाडी कुठपर्यंत येते ते पाहा. कित्येक घरे पाखाडीच्या चाळीस-पन्नास पायऱ्या उतरून असतात. चित्रात त्या फार सुरेख दिसतात, पण गॅसचा सिलिंडर त्याच पायऱ्यांवरून खाली यायचा असतो. गॅसजोडणी नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. दोघांच्या स्वयंपाकाला तो ठीक पडतो.

फोनची रेंज फाटकापाशी बघू नका, जिथे बसून काम करणार त्या खोलीत बघा. कोकणातली गावे डोंगराच्या कुशीत आहेत. सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) चार दांड्या आणि वाडीत शून्य, असे सर्रास असते. घरून काम करणाऱ्यांनी तारेने येणारे इंटरनेट शेजारच्या घरापर्यंत आले आहे का ते विचारावे आणि इन्व्हर्टरची सोय बघावी.

शक्य असेल तर पक्के करण्याआधी एक रात्र त्या घरात झोपा. मी आता याशिवाय होकार देत नाही.

८. एवढ्या ओळखीतून घर मिळाले, तर लेखी करार कशाला? मालकांना राग येईल.

राग येत नाही, संकोच असतो, आणि तो तुम्ही पुढाकार घेऊन मोडायचा असतो. “तुमच्या घराची काळजी म्हणून करू या” असे म्हटले की बहुतेक जण तयार होतात. खरे तर करार मालकाच्याच जास्त फायद्याचा आहे. लिव्ह अँड लायसन्स करारात तुम्हाला ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते, घरावर हक्क तयार होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार लेखी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. घाबरणाऱ्या मालकाला एवढे वाक्य दाखवले तरी पुरते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा अकरा महिने, महिना १०,००० रुपये, अनामत ३०,००० रुपये. भाडे १,१०,००० आणि व्याज २,७५०, मिळून १,१२,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २८२ रुपयांच्या आसपास. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० रुपये, नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो, दोन साक्षीदार लागतात. मालक डोंबिवलीत आणि तुम्ही पुण्यात असलात तरी आपापल्या जागी बसून करता येते.

छापील नमुना तसाच भरू नका. कोकणातल्या घरासाठी त्यात चार-पाच कलमे वेगळी घालावी लागतात : गणपती-शिमग्याचे दिवस (प्रश्न १०), बंद खोली (प्रश्न ११), झाडांचे उत्पन्न (प्रश्न १५), छपराची दुरुस्ती (प्रश्न १३ आणि १६).

९. घर चार भावांचे आहे, घरपट्टी आजोबांच्या नावावर आहे आणि चावी शेजारच्या काकांकडे. करार कोणाशी करायचा?

कोकणात हे अपवादाने आढळत नाही, बहुतेक ठिकाणी असेच असते. पिढ्यानपिढ्या वाटण्या न झाल्यामुळे सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात. चावी असलेले काका घर दाखवू शकतात, पण मुखत्यारपत्राशिवाय करार करू शकत नाहीत. एका भावाशी करार केला आणि मे महिन्यात दुसरा भाऊ बायकामुलांसह दारात उभा राहिला, तर तुम्ही त्याला काय सांगणार? त्याचाही घरात तेवढाच वाटा आहे.

म्हणून ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा मागा. नाव आजोबांचे असेल तर हयात वारस कोण ते विचारा. सगळ्या सज्ञान वारसांनी करारावर सह्या केल्या तर उत्तम. ते शक्य नसेल तर एकाला करार करण्याचा अधिकार देणारे इतरांचे लेखी संमतीपत्र घ्या. भावाभावांत कोर्टकज्जा चालू असल्याचे कळले तर घर कितीही आवडले तरी सोडा. तुमचे भाडे त्या भांडणातला नवा मुद्दा होईल.

१०. गणपतीत घर रिकामे करावे लागते का?

या पानावरचा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. उत्तर : बहुतेक वेळा हो, आणि ते आधीच ठरवून घ्यायचे असते.

मालवणकडे एका घराबद्दल विचारायला गेले तेव्हा आजींनी पहिले वाक्य हेच सांगितले : “घर आसा, घेवा. पण चवथीक आमका व्हया.” कोकणातला गणपती घराचा असतो. मूर्ती त्याच घराच्या त्याच माजघरात बसते जिथे पणजोबांनी बसवली. सगळे भाऊ, त्यांची मुले, मुंबई-पुण्याहून तिथे येतात. ही गोष्ट पैशाने फिरत नाही, आणि फिरवायचा प्रयत्नही करू नये.

माझ्या पहिल्या वर्षी हे करारात नव्हते. मी धरून चालले की मालक दुसऱ्या भावाकडे उतरतील, त्यांनी धरले की मला हे ठाऊक असणारच. चतुर्थीच्या चार दिवस आधी अकरा माणसे आली. भांडण झाले नाही, माणसे चांगली होती. त्यांनी मला एक खोली दिली आणि सकाळ-संध्याकाळ आरतीला हाक मारली. पण माझ्या कामाचा आठवडा बुडाला आणि त्यांना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मी तीन गोष्टी लिहून घेते. पहिली, किती दिवस. घरचा गणपती दीड, पाच, सात, दहा-अकरा किंवा एकवीस दिवसांचा, आणि त्याआधी साफसफाई-रंगरंगोटीचे किमान आठ दिवस. दुसरी, त्या दिवसांचे भाडे वजा होणार का. तिसरी, माझे सामान कुठल्या खोलीत कुलपात राहणार. त्या दिवसांत तुम्हाला गावी परतायचे असेल तर तिकिटाचे आधी बघा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. तुमचा प्रवास चाकरमान्यांच्या उलट दिशेचा असल्याने थोडे सोपे जाते, पण परत कोकणात येताना विसर्जनानंतरचे दोन दिवस रस्त्यावरची कोंडी टाळा.

शिमग्याचे वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. तेव्हा घर रिकामे करावे लागतेच असे नाही, पण दार उघडे हवे, अंगण सारवलेले-झाडलेले हवे आणि ओटी भरायला घरचे कोणीतरी हवे. मालक तेवढ्या एका दिवसासाठी येईल. तुम्ही घरी असाल तर थांबा, नारळ-हार आणून ठेवा. वर्षभर ज्यांच्या शेजारी राहणार ती सगळी माणसे त्या दिवशी तुमच्या अंगणात येतात.

११. मालक एक खोली कुलूप लावून ठेवणार म्हणतात, आणि तुळशीपुढे रोज दिवा लावा म्हणतात. हे मान्य करावे का?

खोलीचे मान्य करा. त्यात देवघर, आईच्या साड्या, भांडी, कागदपत्रे असतात. फक्त करारात किती खोल्या तुमच्या ताब्यात ते लिहा, आणि बंद खोलीचे छप्पर गळले तर कोणाला फोन करायचा ते विचारून ठेवा.

दिव्याची सक्ती कोणी करत नाही, विनंती असते. जमत असेल तर लावा. तुमच्या श्रद्धेत बसत नसेल तर तसे सांगा. शेजारचे कोणी येऊन लावून जाईल, त्यांना आवारात यायला मोकळीक द्या. काही घरांत वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या दैवताला, नारळ देण्याची रीत असते. तो मालकाचा किंवा भाऊबंदांचा विधी असतो, तुमचा खर्च नाही.

१२. आम्ही मासे खाणारे. मालकांना चालत नसेल तर?

पहिल्याच फोनवर विचारा. कोकणात पूर्ण शाकाहारी घरे आहेत आणि रोज बाजारातून सुरमई-बांगडा आणणारी घरेही आहेत. काही ठिकाणी मधला मार्ग निघतो : माजघरातल्या स्वयंपाकघरात नको, मागच्या पडवीतल्या चुलीवर चालेल. लपवून करू नका. वास चार घरे जातो आणि विश्वास त्याच्या आधी जातो.

जात-धर्म विचारून नकार मिळाल्याचेही मला लोकांनी कळवले आहे. हे घडते आणि ते चुकीचे आहे. अशा घराच्या मागे लागून मन कडू करून घेऊ नका. त्याच तालुक्यात माणूस पाहून घर देणारी माणसे मला भेटली आहेत.

१३. जून ते सप्टेंबर राहायचे आहे. जमेल का?

जमेल, पण हौसेपेक्षा तयारी मोठी लागते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. पहिला प्रश्न छपराचा : यंदा शाकारणी झाली का? मे महिन्यात कौले काढून, रिपा बदलून, फुटकी कौले टाकून पुन्हा रचतात. मालकाने केली नसेल तर जूनमध्ये कोणी माणूस मिळणार नाही. शाकारणी झाल्याशिवाय पावसाळ्याचा करार करू नका आणि तिचा खर्च मालकाकडेच ठेवा.

वीज दिवसदिवस जाऊ शकते. वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणून पोहरा आणि दोर घरात हवा. मे महिन्यात आगोट भरतात तशी तुम्हीही भरा : तांदूळ, डाळी, कडधान्ये, मीठ, सुकी मासळी, सुका सरपण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी समुद्राची मासळी मिळणार नाही. मालवणच्या किल्ल्याला जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडाही बंद. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, कमी वेगाने चालते.

जागा निवडताना मागची वर्षे आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली-मंडणगडकडच्या बागा आणि छपरे उद्ध्वस्त केली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. देवबागची चिंचोळी पट्टी, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, हिवाळ्यात स्वर्ग आहे. पावसाळ्यात मात्र उधाणाचे पाणी कुठपर्यंत येते हे तिथल्या लोकांना विचारूनच ठरवा. चिखलातून अनवाणी चालू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. ताप आला तर अंगावर काढू नका.

१४. साप-विंचवांची भीती वाटते.

सावधपणा पुरेसा आहे. फुरसे, घोणस, नाग, मण्यार हे चारही विषारी साप कोकणात आहेत. फुरसे छोटे असते आणि सड्यावर, दगडांच्या गडग्यात, पाचोळ्यात बसते. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, सरपणात हात घालू नका, जमिनीवर झोपू नका, बूट झटकून घाला.

घर घेतल्या दिवशीच चौकशी करा : सर्पदंशावरची लस असलेला सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना कोणता आणि रात्री तिथे कसे पोहोचायचे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. हात-पाय न हलवता थेट दवाखाना. लाल विंचवाचा दंशही लहान मुलांना जिवावरचा ठरतो. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावरचे उपचार शोधले आणि कोकणातली कितीतरी मुले वाचली. म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

१५. आवारातले आंबे-नारळ आम्ही काढू शकतो का? परसात भाजी लावली तर?

विचारल्याशिवाय नाही. कित्येक बागांतले आंबे मोहोर धरायच्या आधीच व्यापाऱ्याला दिलेले असतात, आणि नारळ-सुपारीवर एखाद्या चुलत भावाचा हक्क असतो. खाली पडलेला नारळसुद्धा पहिल्यांदा विचारून उचला. घरी खाण्यापुरते कोणीही नाही म्हणत नाही.

भाजीच्या वाफ्यावर मात्र मालक दचकतो. कारण ‘कूळ लागेल’ ही भीती. १९४८ च्या कुळकायद्याने दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ ठरू शकतो, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कोकणातल्या अनेक कुटुंबांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. ज्यांनी पिढ्यानपिढ्या राबून त्या कसल्या त्यांना न्याय मिळाला. पण त्या आठवणी दोन्हीकडच्या घरांत अजून ताज्या आहेत. राहण्यासाठी घर घेतल्याने तुम्ही कूळ होत नाही. तरीही करारात एक ओळ घाला : “आवारातील जमीन व झाडे यांची वहिवाट मालकाकडेच राहील.” ही ओळ वाचल्यावर माझ्या मालकांनी स्वतः मिरचीची रोपे आणून दिली.

१६. माकडांनी कौले फोडली. खर्च कोणी करायचा?

माकडांचा उपद्रव सगळीकडे आहे आणि तो तुमचा दोष नाही. छपराचा खर्च मालकाचा, लक्ष ठेवणे तुमचे, अशी वाटणी मला योग्य वाटते. कौल सरकले की त्याच दिवशी फोटो पाठवा, खाली बादली ठेवा. पंचवीस-तीस जास्तीची कौले मागच्या पडवीत रचून ठेवायला मालकाला आधीच सांगा. तुमच्या हातून मोडले ते तुम्ही भरून द्यायचे. स्वतः छपरावर चढू नका. ओल्या कौलावरून पाय घसरतो आणि जुना वासा वजन घेत नाही.

१७. घर मोठे आहे. एक खोली पर्यटकांना देऊन भाडे वसूल करू का?

मालकाच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये परवानगी तुम्हाला दिलेली असते, ती पुढे देता येत नाही. मालकालाच हा व्यवसाय करायचा असेल तर राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करता येते. तुमचे मित्र-नातेवाईक येणे वेगळे, पण किती माणसे किती दिवस येतील याची कल्पना द्या. विहीर चौघांना पुरते, चौदांना नाही.

१८. पोलिसांना कळवावे लागते का? आमच्याकडे परदेशी पाहुणेही येणार आहेत.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. मालकाने द्यायची असते, पण तो मुंबईत असल्याने कराराची प्रत आणि ओळखपत्र घेऊन तुम्हीच गेलात तर काम होते. किनाऱ्यावर नवीन माणसाची चौकशी होतेच, ते बरेही आहे. गावच्या पोलीस पाटलांना भेटून या. परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर ज्याच्या घरी उतरतो त्याने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. याला घरगुती पाहुणा हा अपवाद नाही.

१९. वर्षभर राहिलो. मालक म्हणतात, आता विकतच घ्या.

घाई नको. घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, ते आधी पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावे लागता, नाहीतर परवानगी लागते. शिवाय प्रश्न ९ मधले सगळे भाऊ इथे पुन्हा येतात, आणि विक्रीत संमतीपत्रावर भागत नाही, प्रत्येकाची सही लागते. वकील त्या तालुक्यातलाच करा.

२०. आचऱ्याकडे घर मिळते आहे. गावपळण आली तर भाडेकरूनेही घर सोडायचे का?

हो, सोडायचे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर काही वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो. गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर असतात. जात-धर्माचा भेद न करता सगळे जातात, दुकाने बंद होतात, विहिरीवर कोणी पाणी भरत नाही. जवळच्या चिंदर, वायंगणी गावांतही ही प्रथा आहे. तुम्हाला सोडायला कायदा लावणार नाही, पण ज्या गावात शेजाऱ्याच्या भरवशावर राहता तिथे एकटे दिवा लावून बसणे बरे नव्हे.

करार करताना मालकाला विचारा, मागची गावपळण कधी झाली. यंदा व्हायची शक्यता असेल तर त्या तीन दिवसांचे भाडे वजा करा असे म्हणू नका. ते मालकाच्या हातात नसते. वेशीबाहेर माळावर शेजारी झोपडी बांधतात. लवकर विचारलेत तर तुमच्यासाठीही चार झावळ्या जास्त आणतील. फ्रिज आधीच रिकामा करून ठेवा.